दोर कुठे संपतो

ती दिवसभर नसा रंगवायची. खऱ्या नव्हे हो; शाळा-कॉलेजांत माणसाचं शरीर शिकवायला प्लॅस्टिकचे कणे लागतात ना, त्यांच्या. कारखाना म्हणायची पद्धत होती म्हणून कारखाना, नाहीतर नुसत्या तीन खोल्या. पहिलीत साचे, दुसरीत सुकायला टांगलेले कणे, आणि तिसरीत खिडकीला लागून एक टेबल, दोन दिवे, रंगाच्या सात बाटल्या आणि ही. माणसं चार. साचेवाला साच्यात माल ओतायचा, घासणारी बाई कडा घासायची, मालक फोनवर बोलायचा आणि ही नसा रंगवायची. म्हणून तिला सगळे नसवालीच म्हणायचे. मालकही तेच म्हणायचा. हजेरीच्या वहीतसुद्धा तेच लिहिलेलं होतं.

नवीन माणूस दुसऱ्या खोलीत शिरला की हमखास दोन पावलं मागे यायचा. चाळीस कणे एका तारेवर ओळीने टांगलेले, आणि पंखा लावला की सगळे मिळून हलायला लागायचे. नसवालीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. हातात रंगाची बशी घेऊन ती त्यांच्यातून वाट काढायची, खांद्याने त्यांना बाजूला सारायची आणि म्हणायची, "सरका." बावीस वर्षं हेच.

हे काम तिला शिकवलं जुन्या मास्तरांनी. मास्तर निवृत्त. सगळी हयात वैद्यकीच्या पोरांना हाडं शिकवण्यात गेली, आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी या मालकाच्या वडिलांना कण्याचा साचा बनवून दिला. नसवाली तेव्हा सातवी शिकलेली, नुकतं लग्न झालेली. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिला बजावलं, "रंगाची बाटली नंतर. आधी काय रंगवतेस ते ऐक. मणके वेगळे आणि दोर वेगळा. लोक दोन्हीला कणाच म्हणतात आणि तिथेच फसतात."

मणके म्हणजे एकावर एक रचलेली हाडं. मानेचे सात, छातीमागचे बारा, कमरेचे पाच, त्याखाली जुळून एक झालेले पाच आणि शेवटी शेपटीच्या जागेचे चार, तेही चिकटलेले. मणक्याला मागच्या अंगाला भोक असतं. भोकावर भोक आलं की बोगदा तयार होतो, आणि त्या बोगद्यात दोर. पुस्तकात त्याला मज्जारज्जू म्हणतात, कारखान्यात दोर. जाडी करंगळीएवढी, लांबी हातभर. मेंदूच्या बुडातून निघतो. मानेत जरा फुगतो, कारण तिथून हातांच्या नसा निघायच्या असतात. कमरेच्या थोडं वर पुन्हा फुगतो, पायांसाठी. दोन्ही बाजूंनी मिळून नसांच्या एकतीस जोड्या. भोवती तीन आवरणं, आणि आतल्या दोन आवरणांमध्ये पाणी.

आडवा कापला की आत राखाडी फुलपाखरू दिसतं. मास्तर सांगायचे, फुलपाखराच्या मागच्या पंखात बातमी येते, पुढच्या पंखातून हुकूम निघतो. बोटाला चटका बसला, ही बातमी मागून आत. हात उचल, हा हुकूम पुढून बाहेर.

"म्हणजे मागच्या दाराने चुगली येते आणि पुढच्या दाराने ओरडा जातो," नसवाली म्हणाली. "आमच्या घरी असंच आहे."

मास्तर कधी हसत नसत. त्या दिवशी हसले, आणि त्यानंतर तिला सगळं मन लावून शिकवलं.

तीही काही कमी नव्हती. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ, हे तिला पटेना. साचाच चुकलाय म्हणून ती दोन दिवस मास्तरांशी भांडली. शेवटी मास्तरांनी तिला दाखवलं, पहिली जोडी पहिल्या मणक्याच्याही वरून निघते, म्हणून एक जास्तीची. तेव्हा कुठे ती गप्प झाली. एकदा पटल्यावर मात्र तिच्या हातून ते कधी चुकलं नाही.

पण खरी मेख खाली होती. दोर तळापर्यंत जातच नाही. कमरेच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या मणक्याशी निमुळता होतो आणि संपतो. त्याच्या खाली बोगद्यात उरतात नुसत्या नसा, दोऱ्यांच्या झुपक्यासारख्या, पाण्यात लोंबणाऱ्या. डॉक्टर लोक त्याला घोड्याचं शेपूट म्हणतात. हे शेपूट रंगवायला पाऊण तास लागायचा. बारीकात बारीक ब्रश, एकेक दोरा सुटा दिसायला हवा, आणि मध्ये शिंक आली तर पहिल्यापासून. नसवालीचं जेवढं नाव होतं ते या शेपटाचं होतं.

मास्तर गेले. मालकाचे वडील गेले. मालक मालक झाला. मग तीन वर्षांपूर्वी शाळांना माल पुरवणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्याने वीस कणे परत पाठवले. सोबत चिठ्ठी: दोर अर्धवट आहे, खाली नुसत्या चिंध्या लोंबतात, पूर्ण माल द्यावा.

"पूर्णच आहे," नसवाली म्हणाली. "असाच असतो तो."

"गिऱ्हाईक म्हणतंय लांब पाहिजे," मालक म्हणाला.

"गिऱ्हाईकाच्या पाठीतसुद्धा एवढाच आहे म्हणावं. विचारा त्याला."

"मी गिऱ्हाईकाला त्याच्या पाठीबद्दल विचारू?" मालकाने हात जोडले. "बाई, दोर लांब करा. शेपूट नको. तुमचाच पाऊण तास वाचेल."

आणि इथे नसवाली मूग गिळून गप्प बसली. आता दोष मालकाला देता येईल, त्या व्यापाऱ्यालाही देता येईल, पण खरं काय ते सांगायला हवं. साचेवाल्याने दोर तळापर्यंत ओढला, तिने त्यावर एक पिवळा हात मारला, आणि ती साडेपाचच्या ऐवजी पावणेपाचला घरी पोचायला लागली. पहिला महिना जिवाला टोचणी होती. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात तिने घरी पडदे शिवले.

तशातला एक कणा घरीही आला. एक मणका वाकडा आला होता म्हणून मालकाने तो तिला देऊन टाकला. ती तो माळ्यावर टाकणार होती, पण सासूबाईंनी बघितला आणि सांगितलं, "खबरदार. सुनेच्या हातचा आहे. पुढच्या खोलीत राहील."

सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. अंगाने काडी, जिभेने कात्री, दम्याने बेजार आणि तरी दिवसातून चार वेळा जिना चढउतार. सुनेचं तोंडावर कधी कौतुक करायचं नाही, असा त्यांचा नेम होता. तोंडामागे मात्र त्या कौतुकाशिवाय दुसरं बोलत नसत. पुढच्या खोलीत कणा आल्यापासून त्यांना नवाच उद्योग मिळाला. कुणाची पाठ दुखो, त्या त्याला कण्यापुढे बसवायच्या आणि काठीने दाखवायच्या. "हे मणके. हा दोर. वरून जो निघतो तो थेट खालपर्यंत. सुनेने स्वतः रंगवलाय, उगीच नाही." आणि शेवटी एक सल्ला फुकट: "पाठीत सुई टोचून घ्यायची नाही. डॉक्टर सांगोत, डॉक्टरचा बाप सांगो. कुठेही टोचली तरी दोरालाच लागणार. दिसतंय की नाही?"

दिसत होतं. शेजारच्या सुनेने त्यांच्या सल्ल्यावरून बाळंतपणात कळा थांबवणारी सुई नाकारली आणि बावीस तास दवाखाना डोक्यावर घेतला. सासूबाई अभिमानाने सांगायच्या, "बघा, चालते की नाही धडधाकट?" नसवाली तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने नळ जरा मोठा सोडला.

मग एका मंगळवारी सकाळी सासूबाईंनी जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकला. पायरी नव्हती. डाव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

हाडांचे डॉक्टर थोडक्यात बोलणारे होते. "ऑपरेशन करू, हाडात सळई घालू, चार दिवसांत उभ्या राहतील. नाही केलं तर उठणार नाहीत. या वयात अंथरुणाला खिळलं माणूस, की आधी छाती भरते." तेवढं बोलून ते गेले. त्यांच्यामागून भूल देणारी डॉक्टरीण आली, तरुण, केस घट्ट बांधलेले. तिने छाती तपासली आणि म्हणाली, "दमा फार आहे आजी तुम्हाला. पूर्ण भूल द्यायची नाही. कमरेत एक सुई, खालचं अंग बधिर होईल, तुम्ही जाग्याच राहाल."

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"दुखत नाही हो."

"दुखण्याचं कोण बोलतंय? तिथे दोर असतो."

डॉक्टरीण म्हणाली, दोर तिथे नसतो, तो वरच संपतो. सासूबाईंनी तिच्याकडे दयेने बघितलं. "तुम्हाला टोचायचंय, तुम्ही म्हणणारच. माझ्या घरी पूर्ण कणा आहे. माझी सून बावीस वर्षं नसा रंगवते. विचारा तिला."

डॉक्टरिणीने नसवालीकडे बघितलं. नवऱ्याने बघितलं. बाजूच्या पलंगावरच्या बाईने, जिचा काही संबंध नव्हता, तिनेही बघितलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढताना त्याचा हात कधी थरथरला नाही, पण आई आणि बायको यांच्यामध्ये अडकला की तो स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये लटकायचा. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून म्हणाला, "म्हणजे, हिला विचारून." मग डॉक्टरिणीचा चेहरा बघून तो चहा आणायला गेला.

"उद्या सकाळी अकराची वेळ धरलीय," डॉक्टरीण म्हणाली. "फार थांबण्यात अर्थ नाही. संध्याकाळी संमतीच्या कागदावर सही करून ठेवा." आणि तीही गेली.

नसवाली पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. सांगायचं तर होतंच, पण सुरुवात सापडेना. तिने पांघरूण सारखं केलं. पाण्याचा पेला डावीकडचा उजवीकडे ठेवला.

"ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस?" सासूबाई म्हणाल्या. "बोल."

"आई, डॉक्टरीण बरोबर सांगतेय. दोर तिथे नसतो."

"आपल्या कण्यात आहे."

"तो कणा चुकीचा आहे."

"तुझ्या हातून चुकला?"

खोटं बोलायला ही सोपी जागा होती. हो, चुकला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. "चुकला नाही," नसवाली म्हणाली. "चुकीचा आहे हे मला माहीत होतं. माहीत असून रंगवला. मालकाने सांगितलं, आणि माझाही वेळ वाचत होता."

सासूबाईंनी छताकडे बघत विचारलं, "असे किती?"

"तीन वर्षं झाली."

"वर्षं नाही विचारली. कणे किती?"

"पाचशेच्या वर असतील."

"आणि ते पोरांपुढे ठेवून शिकवतात."

"हो."

"आणि मी गल्लीभर काठी घेऊन दाखवत सुटले. त्या बिचारीला बावीस तास ओरडायला लावलं. तेव्हा तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात."

"नळ सोडून," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "मला घरात सांगायला काय धाड भरली होती?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत होतात," नसवाली म्हणाली. "बावीस वर्षांत मला तेवढंच कौतुक मिळालं हो आई. तेही भिंतीआडून."

सासूबाई खोकल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण आता मला सांग, तू तेव्हा खोटं वागलीस हे खरं, की आत्ता खोटं बोलतेयस हे खरं? मला म्हातारीला कसं कळायचं? सही करायची ती मी. पाय जायचे ते माझे."

बरोबरच होतं. नसवालीने शपथ घेतली नाही. तिने परिचारिकेला बोलावलं, पायांमध्ये उशी घातली, आणि दोघींनी मिळून सासूबाईंना हलकेच उजव्या कुशीवर केलं. सासूबाईंनी दातओठ खात तिच्या सात पिढ्या काढल्या. मग नसवालीने गाऊनची पाठीवरची बंदं सोडली आणि अंगठा टेकवला.

एका घरात बावीस वर्षं राहून तिने ही पाठ कधी बघितली नव्हती. लहान पोरीची असावी एवढीशी पाठ. कातडीखाली मणके स्वच्छ मोजता येत होते; असा कणा साच्यातून निघाला असता तर साचेवाल्याला बक्षीस मिळालं असतं.

"मान वाकवा. हे मोठं लागतंय ना हाताला, हा मानेचा सातवा. इथून छातीचे बारा." अंगठा एकेक उतरत खाली आला. "दहा. अकरा. बारा. हा कमरेचा पहिला. हा दुसरा. इथे दोर संपला, आई. याच्या खाली नाही."

"मग खाली काय आहे? पोकळी?"

"पाणी, आणि त्यात सुट्या नसा. आता कमरेची ही दोन हाडं. त्यांच्या माथ्यावरून आडवी रेघ ओढली की ती चौथ्या मणक्यावर येते. त्याच्या वरच्या फटीत सुई घालतात. इथे." तिने जागा दाबली. "सुई आली की नसा पाण्यात बाजूला सरकतात."

"असं कसं मध्येच संपतं काही? हाडं खालपर्यंत आणि दोर अर्ध्यात?"

"पोटातल्या तीन महिन्यांच्या बाळाचा दोर तळापर्यंत असतो. मग हाडं भराभर वाढतात, दोर तेवढा वाढत नाही. पोर मोठं होतं आणि झबलं आखूड पडतं, तसं."

"म्हणजे आपल्या घरातला कणा तीन महिन्यांच्या गर्भाचा आहे."

"हो."

"आणि उंची माझ्या पाठीएवढी." सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या, त्यामुळे त्या हसल्या की नाही ते कळलं नाही. "आणि एखादी नस नाहीच सरकली तर?"

"तर पायात झटका येतो, वीज गेल्यासारखा. लगेच सांगायचं, डॉक्टरीण सुई मागे घेते."

"झटका येतो, हे ती बया बोलली नाही."

"मी बोलतेय."

हे त्यांना पटलं. चांगलं सांगणाऱ्यावर त्यांचा आयुष्यात विश्वास नव्हता; वाईटही सोबत सांगितलं की त्या ऐकायच्या. पुन्हा उताणं झाल्यावर त्यांनी दम खाल्ला आणि हुकूम सोडला, "मालकाला फोन लाव. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेव."

नसवालीने लावला. म्हणाली, उद्यापासून लांब दोर रंगवणार नाही.

"बाई, पुन्हा तेच?" मालकाचा आवाज आला. "गिऱ्हाईक बोंबलेल. शेपटाला पाऊण तास जातो, तुम्ही थांबाल का?"

"थांबेन."

"आणि गेलेल्या मालाचं काय?" हे सासूबाई.

"कोण बोलतंय?"

"मी सासू बोलतेय. तुमच्या दोरापायी इथे मोडका पाय घेऊन अडून बसलेय. जिथे जिथे माल गेला तिथे पत्र टाका, की दोर कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच, खालचा कापून टाका."

"आजी, धंदा बसेल माझा!"

"तुम्ही कधी ना कधी आडवे पडालच की. तुम्हाला टोचणारा डॉक्टर तुमच्याच कण्यावर शिकलेला असला म्हणजे?"

नसवालीला माहीत होतं, मालकाची कंबर गेली दोन वर्षं दुखत होती. "बघू," मालक म्हणाला.

"बघू नाही."

"बरं बाई, पत्र तुम्ही लिहा. सही मी करतो."

सासूबाईंनी फोन ठेवायची खूण केली आणि हात पुढे केला. "आण तो कागद."

दुसऱ्या दिवशी अकराला नेलं, साडेबाराला परत आणलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सळई छान बसली. डॉक्टरीण म्हणाली, सुई पहिल्याच प्रयत्नात गेली, पाय दोन-चार तासांत जागे होतील. सासूबाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्यांनी एकच विचारलं, "माझे पाय कुठे आहेत?"

"आहेत. पांघरुणाखाली."

"मला जाणवत नाहीत."

"जाणवतील."

त्यानंतर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बडबडल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर नसवालीला बरं वाटलं असतं. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. एक वाजला. दोन वाजले. नसवालीने पांघरूण वर केलं आणि उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलकेच दाबला. काही नाही. डाव्याचा दाबला. काही नाही.

अजून वेळ झालाच नव्हता, हे तिला माहीत होतं. वरून खाली जाग येते, पावलं सगळ्यात शेवटी, हेही माहीत होतं. पण तिला आणखीही एक गोष्ट माहीत होती, आणि ती तिने काल सांगितली नव्हती. मास्तर म्हणायचे, "लक्षात ठेव, माणसं साच्यातून निघत नाहीत. बहुतेकांचा दोर पहिल्या-दुसऱ्याशी संपतो. एखाद्याचा तिसऱ्यापर्यंतही उतरतो." काल अंगठा त्या पाठीवर होता तेव्हा हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर सही झाली नसती. डॉक्टर लोकांना हे ठाऊक असतं, म्हणूनच ते आणखी खाली टोचतात, असं तिने स्वतःला समजावलं होतं, आणि ते खरंही होतं. पण झटक्याचं सांगून विश्वास मिळवला आणि हे गिळलं, तेही तितकंच खरं होतं. सासूबाई तिच्या शब्दावर आत गेल्या होत्या, आणि शब्द पुरता दिलेला नव्हता.

अडीच. डॉक्टरीण येऊन गेली, होईल म्हणाली. तीन. पाचशे कण्यांचं एक वेळ निस्तरता आलं असतं. पत्र लिहून या पायांचं काय करणार होती? तिची पाचावर धारण बसली. मनात एकतीस जोड्या मोजून झाल्या, मानेपासून खालपर्यंत, पुन्हा खालून वरपर्यंत. सगळं ज्ञान होतं आणि त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. आपण आपल्या हाताने हिचे पाय घालवले, असं तिला वाटलं, आणि एकदा वाटलं ते जाईना.

साडेतीनला ती स्टुलावरून उठून पलंगाच्या पायथ्याशी बसली. उजव्या पायाचा अंगठा तिने दोन्ही हातांत धरला, डोकं गादीवर टेकलं, डोळे मिटले. बाजूची बाई ऐकत होती, पण तिला लाजायचं भान राहिलं नव्हतं. "आई, चुकलं माझं. तुमच्यापासून एक लपवलं. हलवा ना. एकदा हलवा. मग काय हवं ते बोला मला, जन्मभर बोला."

"अगं."

ती तशीच होती. हाताची पकड तेवढी वाढली.

"अगं ए! सोड तो अंगठा. मुळापासून उपटतेस का काय?"

नसवालीने मान वर केली. "काय म्हणालात?"

"दुखतोय म्हटलं. बहिरी झालीस?"

तिने सोडला नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं, आणि अंगठा होता तसाच गच्च मुठीत होता.

"परत सांगा," ती म्हणाली.

"दुखतोय."

"परत सांगा."